बडोद्यात ‘आतली बातमी’ तपासायची कशी

विश्वामित्री नदीचं पाणी चढायला लागलं की बडोद्यातल्या मराठी घरांच्या फॅमिली ग्रुपवर एक ठरावीक मेसेज फिरतो. शब्द दर वर्षी बदलतात, चाल तीच:

‘आजव्याचे दरवाजे रात्री 2 वाजता मुद्दाम उघडले. मोठ्या बिल्डरच्या स्कीमा वाचवायला पाणी आपल्या बाजूला सोडलं. कोठीतल्या माणसाने स्वतः सांगितलं. टीव्हीवर दाखवणार नाहीत. सकाळपर्यंत डिलीट होईल, लगेच पुढे पाठवा.’

आजवा म्हणजे शहराला पाणी देणारं सरोवर, कोठी म्हणजे जुनी सरकारी कचेरी. हा नमुना जुळवलेला आहे, कोणावर आरोप म्हणून वाचू नका. पुढची पद्धत बहुतेक याच मेसेजवर करून दाखवली आहे. मीटर, लस, मतदान यंत्र, जमिनीचं आरक्षण, कशावरचाही मेसेज असला तरी हीच पद्धत चालते.

एक गोष्ट आधीच मान्य करू. सरकारं लपवतात. 1962च्या पराभवाची चौकशी करणारा हेंडरसन ब्रूक्स अहवाल सरकारने आजही अधिकृतपणे प्रसिद्ध केलेला नाही. निवडणूक रोख्यांत कोणी कोणाला किती दिले हे तर कायद्यानेच झाकलेलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने 15 फेब्रुवारी 2024 रोजी ती योजना घटनाबाह्य ठरवली, तेव्हा कुठे मार्च महिन्यात आकडे बाहेर आले. त्यामुळे मेसेज पाठवणाऱ्या काकांना ‘काहीही काय’ म्हणणं बरोबर नाही. पण ‘ते लपवतातच’ एवढ्याने हा मेसेज खरा होत नाही. दरवाजे उघडले की नाही, हे कुठल्या तरी वहीत लिहिलेलं असतं. ती वही शोधायची आहे.

आधी मेसेज सोला

कागद-पेन घ्या आणि मेसेजमधली विधानं सुटी करून लिहा. आपल्या नमुन्यात पाच आहेत: दरवाजे उघडले, रात्री 2 वाजता उघडले, मुद्दाम उघडले, बिल्डरसाठी उघडले, कोठीतल्या माणसाने सांगितलं.

पहिली दोन घटना आहेत. त्यांची नोंद असते, वेळेसकट. तिसरं आणि चौथं हेतूचं विधान आहे. हेतू कुठल्या रजिस्टरात लिहिलेला नसतो, पण त्याच्या आसपासचे कागद असतात: दरवाजे कधी उघडायचे याचे कायमचे नियम, त्या रात्रीचा हुकूम, फाइलीवरचे शेरे. नियमात ‘अमुक फुटाला उघडा’ असेल आणि ते त्याच फुटाला उघडले असतील, तर ‘मुद्दाम’ या शब्दातली हवा तिथेच निघते. दोन फूट आधी किंवा चार तास उशिरा उघडले असतील, तर मात्र विचारण्यासारखं खरंच काही आहे. पाचव्या विधानावर सरळ काट मारा. नाव नसलेला माणूस तपासता येत नाही.

उरलेलं ‘डिलीट होईल’ हे नुसतं घाई करवण्यासाठी असतं. व्हॉट्सॲप ग्रुपवरचा मेसेज सगळ्यांसाठी पुसायचा तर तो पाठवणारा पुसू शकतो किंवा ग्रुपचा ॲडमिन. कलेक्टर नव्हे.

घटना आणि हेतू वेगळे ठेवायचा धडा या गावाला दीडशे वर्षांपूर्वी मिळालेला आहे. नोव्हेंबर 1874 मध्ये इथले रेसिडेंट, म्हणजे इंग्रज सरकारचे प्रतिनिधी, कर्नल फेअर यांच्या पपनसाच्या सरबतात सोमल (आर्सेनिक) आणि हिऱ्याची पूड सापडल्याचं पुढे आलं. संशय थेट बडोद्याचे महाराज मल्हारराव गायकवाडांवर. चौकशीला सहा जणांचं कमिशन बसलं. ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव या तिघांनी आरोप सिद्ध झाला नाही असं म्हटलं. तिन्ही इंग्रज सभासद उलट बाजूला गेले. तीन विरुद्ध तीन. तरीही एप्रिल 1875 मध्ये मल्हाररावांना गादीवरून काढलं, आणि जाहीरनाम्यात कारण दिलं ते गैरकारभाराचं. म्हणजे पेल्यात विष होतं का, ते कोणी घातलं, आणि महाराजांना का काढलं, हे तीन प्रश्न आणि तिन्हींचे कागद वेगवेगळे. मंडळी अजूनही तिन्हींचा एकच गोळा करून ठामपणे बोलतात, दोन्ही बाजूंनी.

फोटो आणि व्हिडिओ: दहा मिनिटांचं काम

पुराच्या मेसेजसोबत बहुधा मगर असते. विश्वामित्रीत मगरी खऱ्याच आहेत, म्हणून बडोद्याच्या माणसाला असा व्हिडिओ खोटा वाटतच नाही. पण 2019च्या पुरात कुत्र्यावर झडप घालणारी मगर आणि ऑगस्ट 2024 मध्ये अकोट्याकडे छपरावर चढलेली मगर, या दोन्ही चित्रफिती पुढच्या पावसाळ्यांत ‘आत्ताच्या’ म्हणून फिरायला मोकळ्या आहेत. व्हिडिओ खरा, तारीख खोटी. ही सर्वांत नेहमीची लबाडी. गंमत म्हणजे बरेचदा ती करणाऱ्यालाही ठाऊक नसते.

तपास असा करा. व्हिडिओ थांबवा आणि तीन-चार ठिकाणी स्क्रीनशॉट घ्या: पहिली चौकट, जिथे दुकानाची पाटी दिसते ती, जिथे गाडीचा नंबर दिसतो ती. प्रत्येक स्क्रीनशॉट गूगल लेन्समध्ये टाका. एक टाकून काही सापडलं नाही म्हणून सोडू नका, पाटीवाला फोटो बरेचदा काम करून जातो. मग डोळ्यांनी बघा. पाटी गुजराती आहे की तेलुगू? नंबरप्लेट जीजे-06 आहे का? लोकांच्या अंगात स्वेटर आहेत आणि मेसेज ऑगस्टचा आहे का? काळ्या घोड्याजवळचा पूल म्हणताय, तर कठडा तसाच आहे का?

व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोत कॅमेऱ्याने टाकलेली तारीख-वेळ शिल्लक राहत नाही, त्यामुळे फाइलची माहिती उघडून बघण्यात वेळ घालवू नका. तिथे दिसते ती तुमच्या फोनवर फोटो उतरल्याची तारीख. मेसेजवर दुहेरी बाण असला तर तो निदान पाच हातांतून आला आहे एवढंच समजायचं. खरं-खोटं त्यावरून कळत नाही.

‘सरकारी पत्र’ असं म्हणून फोटो आला तर जावक नंबर, तारीख, सहीखालचं पद आणि ‘रवाना’ किंवा ‘नकल’ची यादी बघा. गुजरात सरकारचं परिपत्रक गुजरातीत असतं, बहुधा मागच्या ठरावाचा क्रमांक सांगून सुरू होतं, आणि त्यात तीन-तीन उद्गारचिन्हं नसतात. जावक नंबर मिळाला की काम सोपं: त्या खात्याच्या वेबसाइटवर शोधा, नाही सापडला तर त्याच नंबरच्या पत्राची नक्कल माहिती अधिकारात मागा. केंद्र सरकारच्या नावावरचं पत्र असेल तर ई-गॅझेट (ऑनलाइन राजपत्र) आणि पीआयबीचं, म्हणजे केंद्राच्या पत्र सूचना कार्यालयाचं, फॅक्ट चेक बघावं. पण पीआयबी ही सरकारचीच शाखा आहे. ‘हे पत्र आमचं नाही’ एवढं ती खात्रीने सांगू शकते. धोरण चांगलं की वाईट हे तिच्याकडून ऐकण्यात अर्थ नाही.

माहिती अधिकार: बडोद्यातून अर्ज

इथे थांबून नीट वाचा, कारण नव्वद टक्के अर्ज इथेच वाया जातात असं म्हणायचा मोह होतो. आकडा नाही सांगत, पण चुका ठरलेल्या आहेत.

पहिली चूक भाषेची. माहिती अधिकार कायद्यात अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत करायचा आहे. बडोद्यात ती भाषा गुजराती. घरी चार पिढ्या मराठी बोलत असलात तरी मराठी अर्जाचा आग्रह धरू नका, परत येईल. गुजरातीत बोलता येतं पण लिहिताना हात अडखळतो, अशांनी हिंदीत लिहावं. लिहिताच येत नसेल तर तोंडी सांगितलेलं लिहून घ्यायला मदत करणं हे जाहेर माहिती अधिकाऱ्याचं काम आहे, तसं कलम 6मध्येच आहे.

दुसरी, कार्यालय. आजवा सरोवर शहराच्या पाण्याचं, म्हणून ते महानगरपालिकेच्या पाणीपुरवठ्याकडे. मुख्य कचेरी खंडेराव मार्केटात. जिल्ह्यातल्या लोकांना इशारे कोणी आणि कधी दिले हे कलेक्टर कचेरीत. दोन अर्ज, प्रत्येकाची फी स्वतंत्र भरायची. एकाच अर्जात दोन्ही कोंबले तर प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. चुकीच्या ठिकाणी गेलाच तर कलम 6(3)प्रमाणे त्यांनी 5 दिवसांत योग्य जागी पाठवायचा असतो.

तिसरी, फी. गुजरातच्या नियमात अर्जाला 20 रुपये आणि ‘नमूनो क’ हा छापील नमुना. साध्या पानाच्या नकलेला 2 रुपये. केंद्राच्या कार्यालयांना, उदाहरणार्थ हवामान खात्याला, 10 रुपये, आणि तिथे ऑनलाइनही जमतं. अर्ज साधारण 500 शब्दांत बसवायचा. बीपीएल कार्ड असेल तर फी नाही, कार्डाची नक्कल जोडा. रोख दिली तर पावती घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. अर्जाच्या दोन प्रती न्या, दुसरीवर आवकचा शिक्का आणि तारीख घ्या. पोस्टाने पाठवलात तर स्पीड पोस्टची पावती आणि पोहोचल्याचा पुरावा जपून ठेवा. दिवस मोजायचे ते अर्ज त्यांच्या हातात पडल्यापासून.

चौथी आणि सर्वांत महागडी चूक म्हणजे ‘का’. हा प्रश्न बघा:

‘आजव्याचे दरवाजे रात्री मुद्दाम का उघडले आणि यात कोणाचा फायदा झाला?’

उत्तर येईल: अशी माहिती रेकर्डवर नाही. आणि ते बरोबरच असेल. कायद्यात माहिती म्हणजे कार्यालयाकडे कुठल्याही रूपात असलेली वस्तू: नोंद, पत्र, शेरा, लॉगबुक, ईमेल, नमुना. अधिकाऱ्याने तुमच्यासाठी विचार करून नवं उत्तर तयार करावं अशी सक्ती नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2011च्या सीबीएसई विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय निकालात हे स्पष्ट केलं आहे. तेव्हा तोच संशय कागदाच्या नावाने मागा:

1. ता. 25 ते 30 ऑगस्ट 2024 या दिवसांत आजवा सरोवराची पाण्याची पातळी ज्या रजिस्टरमध्ये, लॉगबुकमध्ये किंवा अन्य कोणत्याही नावाने ठेवलेल्या दफ्तरात नोंदली, त्या पानांच्या प्रमाणित नकला.
2. याच दिवसांत दरवाजे उघडण्या-बंद करण्याची वेळ, संख्या आणि हुकूम देणाऱ्या अधिकाऱ्याचं पद दाखवणाऱ्या नोंदींच्या नकला.
3. त्या काळात लागू असलेले, कोणत्या पातळीला दरवाजे चालवायचे हे ठरवणारे ठराव, परिपत्रकं किंवा कायमच्या सूचना.
4. पाणी सोडण्याआधी दिलेल्या इशाऱ्यांची पत्रं, संदेश आणि प्रेसनोट, रवाना झाल्याच्या वेळेसह.
5. या विषयाच्या फाइलीवरच्या शेऱ्यांच्या म्हणजे नोंधीच्या नकला.
6. वरील सर्व मूळ दफ्तर प्रत्यक्ष पाहण्याची, टिपणं आणि फोटो घेण्याची परवानगी व तारीख.

तारखा उदाहरणादाखल घेतल्या आहेत. शहराला पुराचा वेढा पडला ते हे दिवस, विश्वामित्रीने 26 फुटांची धोक्याची खूण केव्हाच मागे टाकली होती. ‘अन्य कोणत्याही नावाने’ हे शब्द गाळू नका. त्या वहीला तिथे काय म्हणतात हे बाहेरच्याला माहीत नसतं, आणि ‘गेज रजिस्टर’ मागितलं तर ‘या नावाचं रजिस्टर नाही’ हे उत्तर शंभर टक्के खरं असू शकतं. तारखांची चौकट लहान ठेवा. दहा वर्षांचं मागितलं तर यंत्रणेवर बेसुमार ताण पडतो म्हणून दुसऱ्या रूपात घ्या असं सांगायला कलम 7(9) आहेच. आणि कारण कुठेही लिहू नका. कलम 6(2) सांगतं की माहिती का हवी हे अर्जदाराला विचारता येत नाही. संशय अर्जात लिहिला की समोरचा सावध होतो, एवढंच.

स्वतःचा पत्ता द्यायचा नसेल तर कलकत्ता उच्च न्यायालयाने 2013 मध्ये पोस्ट बॉक्स नंबर पुरेसा मानला आहे. ही भीती पोकळ नाही. गीरच्या बेकायदा खाणींवर माहिती मागणारे अमित जेठवा यांचा जुलै 2010 मध्ये अहमदाबादेत खून झाला. जमीन, वाळू, खाण, बांधकाम असा विषय असला तर दोन-तीन जणांनी वेगवेगळे अर्ज टाकावेत आणि उत्तर येईपर्यंत ग्रुपवर बढाई मारू नये.

उत्तर आलं, आता वाचायचं कसं

मुदत 30 दिवसांची. जीव किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर 48 तास. नकलांचे पैसे भरायला सांगणारं पत्र आलं तर ते पत्र निघाल्यापासून तुम्ही पैसे भरेपर्यंतचे दिवस मुदतीत धरत नाहीत. म्हणून पत्र मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी भरून टाका. मुदत उलटून दिलेली माहिती फुकट द्यावी लागते, कलम 7(6).

गुजराती उत्तरातले तीन वाक्प्रयोग ओळखायला शिका. मराठी डोळ्याला तिन्ही ‘नाही’ असेच दिसतात. ‘रेकर्ड पर उपलब्ध नथी’ म्हणजे आत्ता त्यांच्याकडे सापडत नाही. कधी तरी असेल, हरवलं किंवा नष्ट केलं असेल. अपिलात विचारायचं: दफ्तर नष्ट केल्याचा हुकूम आणि यादी द्या. ‘निभाववामां आवतुं नथी’ म्हणजे असं दफ्तर ठेवलंच जात नाही. ही स्वतःच एक बातमी आहे: धरणाच्या दरवाज्यांची नोंद ठेवतच नसाल तर मग हिशेब कोणाकडे? ‘आपी शकाय तेम नथी’ म्हणजे आहे, पण देत नाही. अशा वेळी कोणत्या कलमाखाली नाकारलं ते लिहावंच लागतं. कलम न लिहिता दिलेला नकार अपिलात टिकत नाही, कारण नकार योग्य होता हे दाखवायची जबाबदारी कलम 19(5)प्रमाणे त्यांच्यावर आहे.

नाकारायची कलमं आठव्यात आहेत. नेहमी पुढे येतात ती चार. 8(1)(ए), देशाची सुरक्षा. 8(1)(डी), व्यापारी गुपित. ठेकेदाराच्या कागदांना हे लावतात. 8(1)(एच), चौकशी चालू आहे. इथे नुसतं ‘चौकशी चालू’ म्हणून भागत नाही, माहिती दिल्याने तपासाला अडथळा कसा येईल ते सांगावं लागतं, असं दिल्ली उच्च न्यायालयाने 2007च्या भगतसिंग प्रकरणात ठरवलं आहे. आणि 8(1)(जे), व्यक्तिगत माहिती. डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षणाच्या 2023च्या कायद्याने हे कलम बरंच रुंद केलं. म्हणून अर्जात माणसाचं नाव मागण्याऐवजी पद मागा. वरच्या दुसऱ्या मुद्द्यात ते म्हणूनच तसं लिहिलं आहे. या सगळ्यांवर 8(2) आहे: लोकहित मोठं असेल तर ही गुपितंही उघडता येतात. आणि कलम 10: पानावरच्या दोन ओळी गुप्त असतील तर त्या काळ्या करून बाकीचं पान द्यायचं. अपिलात ही दोन कलमं हटकून लिहा. 1923चा शासकीय गुपितांचा कायदा दाखवून कोणी घाबरवलं तर कलम 22 दाखवा, माहिती अधिकार त्याच्यावर वरचढ ठरतो.

पहिलं अपील त्याच खात्यातल्या वरिष्ठाकडे, नकार मिळाल्यापासून किंवा मुदत संपल्यापासून 30 दिवसांत. गुजरातेत फी नाही. निकाल 30, फार तर 45 दिवसांत. दुसरं गांधीनगरला राज्य माहिती आयोगाकडे, 90 दिवसांच्या आत. तिथे थांबायची तयारी हवी. विनाकारण अडवणाऱ्या अधिकाऱ्याला दिवसाला 250 रुपये, कमाल 25,000 रुपये दंड होऊ शकतो. दंड क्वचितच दिसतो, पण अपिलात कलम 20चा उल्लेख असला की फाइल हलते.

वही समोर आली की

शक्य असेल तर नकला मागवून थांबू नका, मूळ वही बघायला जा. झेरॉक्समध्ये शाई दिसत नाही.

समजा पातळीची वही उघडली आहे. पहिल्यांदा पानांचे छापील नंबर सलग आहेत का ते बघा. मग अक्षर. चोवीस तासांची ड्यूटी एकच माणूस करत नाही. पाळी बदलली की अक्षर बदलतं, सही बदलते. पूर्ण आठवडा एकाच अक्षरात, एकाच शाईत, एका तिरप्या ओळीत असेल तर वही नंतर बसून लिहिली असण्याचा संशय धरायला जागा आहे. तो संशयच; कच्च्या वहीवरून पक्की उतरवायची पद्धतही असते, म्हणून कच्ची वही मागा. वेळा बघा. धावपळीच्या रात्री नोंदी 1:50, 2:20, 3:05 अशा वेड्यावाकड्या पडतात. दर तासाला बरोबर 00 मिनिटांनी पडलेल्या नोंदी ठरावीक वाचनाच्या असतात आणि त्यांत दरवाज्याचा खरा क्षण सापडत नाही. खाडाखोड असली की शेजारी छोटी सही आहे का बघा. आणि ज्या पानावर काहीच खटकत नाही त्या पानाचाही नंबर टिपा.

एका वहीवर निकाल देऊ नका. तीच रात्र आणखी दोन ठिकाणी लिहिलेली असते: कंट्रोल रूमच्या लॉगबुकात आणि फायर ब्रिगेडच्या कॉलच्या नोंदीत. तिन्हींच्या वेळा एका कागदावर उभ्या रकान्यांत मांडा, चौथ्या रकान्यात पाऊस. विश्वामित्री पावागडाकडून येते, वाटेत तिला इतर पाणी मिळतं, आणि शहरात पडलेला पाऊसही तिच्यातच उतरतो. त्यामुळे आजव्याचा एकही दरवाजा न हलता नदी चढू शकते. रकाने मांडल्यावर पाणी आधी चढलं आणि दरवाजे मागून उघडले असं दिसलं, तर मेसेज पडला. दरवाजे आधी, इशारा चार तासांनी असं दिसलं, तर ‘बिल्डर’ वगळून एक गंभीर तक्रार तुमच्या हातात आहे. बहुतेक वेळा निघतं ते हे दुसरं: कट नसतो, कोणी तरी फोन करायचा तो केलेला नसतो. लोकांना ते कमी चमचमीत वाटतं.

मोजता येत असेल तर मागू नका, मोजा

प्रत्येक संशयाला अर्ज लागत नाही. मे 2024 मध्ये स्मार्ट मीटर ‘दुप्पट पळतात’ म्हणून बडोद्यात लोक रस्त्यावर आले होते. हा संशय घरच्या घरी पंधरा मिनिटांत तपासता येतो.

मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी एका युनिटला किती लुकलुक ते छापलेलं असतं, समजा 3200. घरातले सगळे एमसीबी पाडा, फ्रिज आणि इन्व्हर्टरसुद्धा. दिवा थांबला पाहिजे. थांबला नाही तर मीटर सोडा, आधी इलेक्ट्रिशियन बोलवा: वायरिंगमध्ये गळती आहे किंवा दुसऱ्या कोणाची तार तुमच्या मीटरवर आहे. आता फक्त एका प्लगचा एमसीबी चढवा, बादलीभर पाण्यात 1500 वॉटचा रॉड बुडवा, मग स्विच चालू करा. रॉड चालू असताना पाण्यात हात घालायचा नाही. फोनवर 5 मिनिटं लावून लुकलुक मोजा, नाहीतर व्हिडिओ काढा आणि नंतर मोजा.

हिशेब: वॉट गुणिले 3200 भागिले 60,000. म्हणजे 1500 वॉटला मिनिटाला 80, पाच मिनिटांत 400. दाब 230 व्होल्टऐवजी 220 असला तर रॉड कमी खातो आणि मिनिटाला 73च्या आसपास येतात. 240 असला तर 87. तेव्हा 360 ते 440च्या दरम्यान कुठेही आकडा आला तर मीटर पळत नाही. 700-800 आला तर व्हिडिओसकट अर्ज करा आणि शेजारी चेक मीटर बसवून एक महिना दोन्हींचे युनिट ताडून बघायची मागणी करा. इस्त्री किंवा गिझर घेऊन हा प्रयोग करू नका. थर्मोस्टॅट मध्येच बंद पडतो आणि आकडा चुकतो. आणि बिल ताडताना रुपये बघू नका. मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याचे युनिट बघा, उन्हाळ्याशी उन्हाळा.

ग्रुपवर काय लिहायचं

मोठ्यांना सगळ्यांदेखत खोटं पाडलं की ते पुढचे दोन मेसेज मुद्दाम पाठवतात. एकट्याला लिहा, आणि मेसेजचा खरा भाग आधी कबूल करा:

‘काका, इशारा उशिरा आला हे मलाही वाटतंय. दरवाजे किती वाजता उघडले त्याची नोंद मागायला अर्ज टाकतोय, 20 रुपये फी आहे. तुमचं नावही घालू का? व्हिडिओ मात्र 2019चा निघाला, तेवढा काढून टाकाल का?’

यातल्या शेवटच्या दोन वाक्यांचा क्रम बदलू नका. काकांना आधी काम द्यायचं. पाणी चढत असताना मात्र ही सबुरी चालणार नाही. तेव्हा ॲडमिनने मेसेज लगेच उडवावा आणि काकांची समजूत मागून घालावी. आपत्ती व्यवस्थापन कायदा 2005च्या कलम 54प्रमाणे संकटाबद्दल खोटा इशारा पसरवून घबराट केल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड आहे, आणि पुढे पाठवणाऱ्यालाही ‘मला आला म्हणून पाठवला’ हा बचाव पुरत नाही.

अर्ज कधी टाकायचा? पाणी उतरल्यावर लगेच. सीसीटीव्हीचं चित्रण बहुतेक ठिकाणी काही आठवड्यांतच पुसून त्यावर नवं चढतं, कच्च्या वह्या कपाटातून गोदामात जातात. म्हणून सातवा मुद्दा जोडा: ‘या अर्जाचा आणि अपिलांचा निकाल लागेपर्यंत वरील दफ्तर व चित्रण नष्ट करू नये.’ पुराच्या चिखलात दिवस जातात, मग गणपती येतात, मग नवरात्र. दिवाळीनंतर अर्ज टाकणाऱ्याला ‘उपलब्ध नथी’ मिळण्याची शक्यता जास्त.